हेल्मेट घातलं म्हणजे मेंदू सुरक्षित?

"अमेरिकन फुटबॉलमधली धडक नुसती दिसायला भयंकर; एवढं जाड हेल्मेट असल्यावर डोक्याला काय होणार?" हे वर्षानुवर्षं फिरतंय. असं वाटणं साहजिक आहे, कारण हेल्मेटमुळे कवटी फुटण्याचा धोका खरोखरच पुष्कळ कमी होतो.

पण मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. सुका नारळ कानाशी हलवून बघा: करवंटीला तडा नाही, तरी आतला गोटा आपटतोच. डोकं झटक्यात थांबलं किंवा गर्रकन फिरलं की मेंदूही हादरतो, ताणला जातो. बहुतेक वेळा शुद्धही हरपत नाही. खेळाडू उठून पुन्हा उभा राहतो आणि आपण टाळ्या वाजवतो. (मीही वाजवतो. खेळ थरारक आहेच.)

उलट कडक हेल्मेट आल्यावर डोकं पुढे करून धडकायची सवय वाढली आणि माना मोडू लागल्या. म्हणून १९७६ मध्ये अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये अशा धडकेवर बंदी आली. त्यानंतर मानेच्या गंभीर दुखापती घटल्या.

पडताळायचं असेल तर हेल्मेटवरची इशाऱ्याची पट्टी वाचा. कोणतंही हेल्मेट डोक्याची प्रत्येक दुखापत टाळू शकत नाही, असं बनवणारेच तिथे लिहितात.