कीथ इमर्सन आणि तारांचं कपाट

'लकी मॅन' हे तसं साधंसुधं गाणं. इमर्सनचा बँडमधला साथी ग्रेग लेक यानं ते बारा वर्षांचा असताना गिटारवर रचलेलं. पण शेवटी खालून एक जाडजूड विजेरी सूर उठतो, मींड घेत वर चढतो आणि अख्खं गाणं गिळून टाकतो. १९७० साली स्टुडिओत कीथ इमर्सन नव्या मूग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेनं सूर घडवणाऱ्या यंत्रावर, नुसती चाचपणी करत होता, निदान त्याची तरी तशीच समजूत होती. बाकीच्यांनी तेच वाजवणं कायम ठेवलं.

इमर्सनचा जन्म २ नोव्हेंबर १९४४चा, यॉर्कशरमधल्या टॉडमॉर्डनचा. युद्धामुळे कुटुंब तिकडे हलवलं गेलं होतं. तो वाढला दक्षिण किनाऱ्यावरच्या वर्दिंगमध्ये. गावातल्या शिकवणीला जाऊन पिआनो शिकला, काही दिवस बँकेत नोकरी केली. पण ओढा जॅझकडे. जॅक मॅकडफचा ऑर्गन ऐकला आणि हॅमंड एल-१०० घेतला.

हॅमंड म्हणजे आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनसारखा भात्यावर चालणारा नव्हे. आत मोटर असते, ती धातूच्या चकत्या फिरवते आणि त्या फिरण्यातून सूर निघतो. पट्टी दाबून ठेवून मोटर बंद केली की सूर रडत रडत खाली येतो. पेटी गदागदा हलवली की आतली रिव्हर्बची, म्हणजे आवाज घुमवणारी, स्प्रिंग कडाडते. पट्ट्यांत सुरी खुपसली की सूर चालूच राहतो आणि वाजवणारा मोकळा. १९६७मध्ये सुरू झालेल्या 'द नाइस' या बँडमध्ये इमर्सन हे सगळं करायचा. सुरी दिली होती त्यांचं सामान वाहणाऱ्या लेमीनं, पुढे 'मोटरहेड'वाला झालेल्या. लोकांनी याला तमाशा म्हटलं. तमाशा होताच, पण यंत्राच्या पोटात काय आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचा. खरं वादन तो दुसऱ्या, मोठ्या सी-३वर करायचा. मार खायला एल-१००. जून १९६८मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बर्नस्टाइनचं 'अमेरिका' वाजवताना त्यानं रंगवलेला अमेरिकी झेंडा जाळला आणि हॉलनं बँडला कायमची बंदी घातली.

मूगची गाठ पडली ती वेंडी कार्लोसच्या बाखच्या रेकॉर्डमुळे. संगीतकार माइक व्हिकर्सकडे तसं यंत्र होतं. १९७०च्या सुरुवातीला रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये इमर्सननं ते मागून आणलं. तो पुढे वाजवत होता आणि व्हिकर्स यंत्रामागे लपून, मध्येच डोकं काढून तारा बदलत होता. कारण या कपाटाएवढ्या यंत्रात तयार आवाज नव्हतेच. प्रत्येक आवाज तारा जोडून उभा करायचा. त्यात एका वेळी एकच सूर निघायचा, आणि मंचावरच्या उष्णतेनं तोही सरकायचा. दौऱ्यावर नेता यावं म्हणून बटणावर आवाज बदलण्याची सोय करून घेतली, वर सूर तपासायला वारंवारिता दाखवणारा मीटर. इमर्सनच्या आधी हे यंत्र बहुतेक प्रयोगशाळेत आणि स्टुडिओतच राहायचं.

लेक आणि ढोलवादक कार्ल पामर यांच्यासोबतचं 'इमर्सन, लेक अँड पामर' हे त्रिकूट ऑगस्ट १९७०मध्ये प्लिमथला पहिल्यांदा वाजलं आणि आठवड्याभरात आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात तोफा उडवून मोकळं झालं. 'टार्कस' हा अल्बम १९७१चा, रशियन संगीतकार मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स'चं थेट रेकॉर्डिंग त्याच वर्षीचं, 'ब्रेन सॅलड सर्जरी' १९७३चा. त्यातला 'टोकाटा' संगीतकार हिनास्तेरांच्या रचनेवर बेतलेला; प्रकाशकांनी नकार दिला तेव्हा इमर्सन थेट जिनिव्हाला हिनास्तेरांच्या घरी गेला आणि परवानगी घेऊन आला. माझ्या लेखी सुऱ्यांपेक्षा हा किस्सा मोठा. पुढे अति झालंच. १९७७च्या दौऱ्यात अख्खा वाद्यवृंद सोबत नेला, पैशांचा चुराडा झाला, तिकडे पंक रॉक दारात उभं. 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन' ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, तरी १९७९मध्ये बँड मोडला. मग चित्रपटांचं संगीत, अधूनमधून पुन्हा एकत्र येणं.

१९९३मध्ये उजव्या हाताच्या नसेवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बोटं पूर्वीसारखी चालली नाहीत. तरी २०१०मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात तिघं शेवटचे एकत्र वाजले. २०१४मध्ये मूग कंपनीनं त्याच्या कपाटाची हुबेहूब प्रतिकृती बनवली. मार्च २०१६मध्ये सांता मोनिकाच्या घरी इमर्सननं आयुष्य संपवलं. हाताचा त्रास आणि नैराश्य दोन्ही होतं. एप्रिलमध्ये जपानचे कार्यक्रम ठरले होते. लेक त्याच डिसेंबरात कर्करोगानं गेला.

उरलेला पामर अलीकडे पडद्यावरच्या दोघांसोबत वाजवतो. त्या चित्रणातला इमर्सन १९९२चा आहे: शस्त्रक्रियेच्या आधीचा, आणि अल्बर्ट हॉलमधला.