टँजेरीन वाणांची फळपारख

मँडरिन (सिट्रस रेटिक्युलाटा) गटातील सैल सालीच्या, गडद नारिंगी ते लालसर फळांना व्यवहारात टँजेरीन म्हणतात. त्यातल्या कमी परिचित वाणाची व्यापारी लागवड करण्याआधी त्याची फळे खाणे, कापणे, मोजणे आणि साठवून पाहणे या सगळ्याला फळपारख म्हणतात. कलम लावल्यावर भरवशाचे पीक यायला काही वर्षे जातात, म्हणून चुकीची निवड महागात पडते. एका झाडाची दोन गोड फळे खाऊन केलेली निवड तर बहुधा चुकतेच.

पारखीची सुरुवात नमुन्यापासून होते. उन्हाच्या बाजूची, शेंड्याकडची फळे आतल्या सावलीतल्या फळांपेक्षा गोड असतात, म्हणून झाडाच्या चारही अंगांची, आतली-बाहेरची फळे मिसळून घेतात. संत्रावर्गीय फळे तोडल्यावर पिकत नाहीत. त्यांच्यात साखर होण्याजोगा स्टार्चचा साठाच नसतो. त्यामुळे एका दिवसाच्या चवीपेक्षा दर पंधरवड्याला घेतलेल्या नोंदी खऱ्या उपयोगाच्या. फळ खाण्यालायक कधी झाले आणि झाडावर किती आठवडे तसेच टिकले, हे त्यांतूनच कळते.

रसातील विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने ‘ब्रिक्स’ या एककात मोजतात, आम्लता अनुमापनाने, म्हणजे रसात मोजून अल्क घालून. या दोहोंचे गुणोत्तर सर्रास वापरले जाते, पण केवळ त्यावर विसंबू नये. ब्रिक्स 12 व आम्लता 1 टक्का असलेले फळ आणि ब्रिक्स 9 व आम्लता 0.75 टक्का असलेले फळ, दोघांचे गुणोत्तर 12 च येते. खाताना मात्र पहिले भरदार लागते, दुसरे पाणचट. म्हणून आम्लतेची चौपट ब्रिक्समधून वजा करण्याची रीत अधिक बोलकी आहे : पहिल्याचे उत्तर 8, दुसऱ्याचे 6. सुवास मात्र या आकड्यांत कुठेच सापडत नाही. तो फळ चाखूनच पारखावा लागतो.

फळ मधोमध आडवे कापले की बरेच कळते. देठाकडच्या फोडींत रसपेशी पांढरट, कडक, कोरड्या पडल्या असतील तर ते ग्रॅन्युलेशन. साल आणि गर यांत पोकळी धरली असेल तर साल फुगली आहे. असे फळ हाताला मोठे लागते, पण पेटीत दबून फुटते. सोलताना देठाजवळ साल चिकटून फाटते का, फोडीचा पापुद्रा दातात चिवट राहतो का, हेही टिपावे. साल सैल हवी, पण पोकळ नको.

बियांची गणना फसवी असते. क्लेमेंटाइनसारखा वाण स्वतःच्या परागाने बिया धरत नाही. तो एकटा लावला तर फळे बहुधा बिनबियांची येतात, शेजारी दुसऱ्या वाणाचा पराग मिळाला की बिया धरतात. वाणसंग्रहाच्या बागेत पन्नास वाण शेजारीशेजारी असताना मोजलेल्या बिया सलग लागवडीत तितक्याच येतील असे नाही. कोवळ्या झाडाची पहिली फळेही अशीच दिशाभूल करतात. ती मोठी, जाड सालीची, खरबरीत येतात. खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रोपाचा, परिणामही धरावा लागतो, कारण जंबेरी या लिंबाच्या खुंटावर झाड जोमाने वाढते, पण रस पातळ उतरतो.

साठवणीची चाचणी टाळली जाते आणि तिथेच पुष्कळ चांगले वाण नापास होतात. मेणाचा थर दिल्यावर फळाचा श्वास कोंडतो, आत इथेनॉल साचते आणि बाहेरून तजेलदार दिसणाऱ्या फळाला आंबूस चव येते. मँडरिन याबाबतीत इतर संत्रावर्गीय फळांपेक्षा नाजूक आहेत. म्हणून फळे नेहमीप्रमाणे धुऊन, मेण देऊन, थंडीत ठेवून आणि नंतर काही दिवस खोलीच्या तापमानात काढून पुन्हा चाखावीत.

आकार आणि रंग यांना बाजार फार वजन देतो, पण त्यावरून वाण बाद करण्याची घाई नको. कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1965 मध्ये प्रसारित केलेला ‘पिक्सी’ हा लहान, फिकट फळांचा, एक वर्ष भरघोस तर दुसऱ्या वर्षी कमी पिकणारा वाण. तो व्यापाराला निरुपयोगी मानला गेला होता. पण बी नाही, सोलायला सोपा आणि हंगामाच्या शेवटी गोडी राखणारा, म्हणून कॅलिफोर्नियातील ओहाय खोऱ्याच्या बागायतदारांनी पुढे त्यालाच आपली ओळख बनवले.