पोटातलं रक्त दिसू लागलं तेव्हा: अपघातग्रस्ताच्या सोनोग्राफीची पार्श्वभूमी

देशाला उभा छेदणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि आडवा जाणारा ५३ नागपुरात एकमेकांना भेटतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि वेगवान वाहनांची आणखी एक वाट शहराला जोडली गेली. वर्धा रोड असो, भंडारा रोड असो की जबलपूर रोड, गंभीर जखमीला घेऊन निघालेली गाडी बहुतेक वेळा मेडिकल नाहीतर मेयो या नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांकडेच वळते. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ इथून आणि सीमेपलीकडच्या शिवनी, छिंदवाडा, बालाघाटहूनही रुग्ण रेफर होऊन येतात. कॅज्युअल्टीत अशा रुग्णाला उतरवल्यावर श्वास नीट चालू आहे ना, हे पाहून झालं की डॉक्टरपुढे एकच प्रश्न असतो: आतून रक्त जातंय का, आणि जात असेल तर कुठे? मोडलेला पाय दिसतो, फुटलेलं डोकं दिसतं. पोटातली फुटलेली प्लीहा दिसत नाही.

या प्रश्नाचं उत्तर रक्तदाबावरून मिळेल, असं आजही अनेक नातेवाइकांना वाटतं. "बीपी नॉर्मल आहे" एवढं ऐकलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. पण शरीराचं गणित वेगळं आहे. प्रौढ माणसात दर किलो वजनामागे साधारण ७० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसात सव्वाचार लिटरच्या आसपास. त्यातलं पंधरा टक्के गेलं तरी वरवर फारसं काही जाणवत नाही. हृदय जोरात धावू लागतं, हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि मेंदू-हृदयाकडचा पुरवठा टिकवला जातो. दाब ठळकपणे कोसळतो तो बहुधा तीस टक्के रक्त गेल्यावर, म्हणजे याच माणसाचं सव्वा लिटरहून अधिक रक्त पोटात साचल्यावर. पंचविशीतल्या धडधाकट दुचाकीस्वाराचं शरीर ही झाकपाक जास्त वेळ करू शकतं, म्हणूनच तो जास्त फसवतो. बीपीचा आकडा खोटा नसतो, पण तो उशिरा बोलतो. आणि त्याच्या आधी काय दिसू शकेल, याचा शोध हाच अपघात उपचारांच्या इतिहासातला खरा धागा आहे.

रक्त शरीरात गोल फिरतं, हे विल्यम हार्वेनं १६२८ साली मांडलं. रुग्णाच्या दंडावर त्याचा दाब सहज मोजायला मात्र पुढची पावणेतीनशे वर्षं लागली. इटलीच्या रिवा-रोच्चीनं १८९६ मध्ये दंडाला बांधायच्या पट्ट्याचं पाऱ्याचं यंत्र दिलं. १९०५ मध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकानं त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकण्याची रीत सांगितली. रशिया-जपान युद्धातल्या जखमी सैनिकांच्या फाटलेल्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास करताना त्याला ती सुचली होती. आज प्रत्येक दवाखान्यात रोज वापरली जाणारी ही पद्धत मुळात जखमींच्या सेवेतून आली, याची फारशी आठवण कुणी ठेवत नाही. पुढे १९६७ साली आल्गोवर आणि बुरी यांनी नाडीच्या ठोक्यांना वरच्या रक्तदाबानं भागून येणारा ‘शॉक इंडेक्स’ सुचवला. शॉक म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याची अवस्था. निरोगी माणसात तो ०.५ ते ०.७ असतो, एकच्या जवळ गेला की सावध व्हायचं. नाडी ११०, बीपी १०० असेल तर भागाकार १.१ येतो. त्याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. माझ्या मते प्रत्येक रेफर चिठ्ठीवर हा भागाकार लिहिलेला असायला हवा.

पोटातलं रक्त शोधायची खात्रीची पद्धत १९६५ साली आली, पण ती बिनटोच्याची नव्हती. बेंबीखाली छेद घेऊन पोटाच्या पोकळीत नळी घालायची, सुमारे लिटरभर सलाइन आत सोडायचं, ते परत बाहेर घ्यायचं आणि त्यात घन मिलिमीटरला एक लाखाहून जास्त लाल पेशी निघाल्या तर रक्तस्राव आहे असं समजायचं. या तपासणीनं असंख्य जीव वाचवले. तिची अडचण एवढीच की ती अति संवेदनशील होती. यकृताला किरकोळ ओरखडा असला तरी उत्तर ‘होय’ यायचं आणि जे आपोआप थांबलं असतं त्यासाठीही पोट उघडलं जायचं. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचं सीटी स्कॅन झालं. कुठल्या अवयवाला किती मार लागला आहे, हे त्यानं सर्वांत बारकाईनं दाखवलं. पण सीटीसाठी रुग्णाला यंत्राकडे न्यावं लागतं, आणि ज्याचा दाब मिनिटामिनिटाला ढासळतो आहे त्याला कॅज्युअल्टीतून हलवायचं धाडस कुणी करत नाही.

यंत्रच रुग्णाच्या खाटेशी यायला हवं होतं, आणि ते आलं ध्वनीच्या वाटेनं. क्रिस्तियान डॉप्लरनं १८४२ साली प्राग शहरात जोडताऱ्यांच्या रंगांविषयी निबंध वाचला. स्रोत जवळ आला वा दूर गेला की लहरींची वारंवारता बदलते, हे त्यातलं सूत्र आज धमनीतल्या रक्ताचा वेग सांगतं. १८८० मध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, हे दाखवलं; सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा भाग, चालतो तो याच गुणधर्मावर. १९५३ साली स्वीडनच्या लुंड शहरात इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधायचं औद्योगिक यंत्र छातीवर टेकवून धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्डनं पोटातल्या गाठींची आणि गर्भाची ध्वनिचित्रं प्रसिद्ध केली. सोनोग्राफी म्हणजे बाळंतपणाची तपासणी, हे समीकरण तिथून सुरू झालं. आपल्याकडे त्याचे परिणाम फार दूरवर गेले, त्याबद्दल पुढे.

अपघाताच्या रुग्णांसाठी सोनोग्राफी वापरण्यात युरोप पुढे होता. १९७० च्या दशकात तिथून पहिले अहवाल आले आणि १९८० च्या दशकात जर्मनीतले शल्यचिकित्सक स्वतःच प्रोब हातात घेऊ लागले. रेडिओलॉजिस्टची वाट न पाहता रुग्ण तपासणाऱ्यानंच आत पाहायचं, हा बदल मला यंत्राइतकाच मोठा वाटतो. मग १९८८ च्या डिसेंबरात आर्मेनियात भूकंप झाला. रुग्णालयात आलेल्या जखमींपैकी ४०० जणांची पहिल्या ७२ तासांत सोनोग्राफी झाली. यंत्रं होती दोन, आणि एका रुग्णाला सरासरी चार मिनिटं लागली. गर्दीत, गोंधळात, अपुऱ्या साधनांतही ही तपासणी टिकते, याचा याहून भक्कम पुरावा शोधून सापडणार नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेनं ती उचलली आणि १९९६ च्या सुमारास तिला ‘फास्ट’ हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव रूढ झालं. थोड्याच काळात जगभरच्या ट्रॉमा, म्हणजे गंभीर इजांच्या उपचारांच्या, प्रशिक्षणात ती आली.

फास्ट करताना चार जागा पाहतात. यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधली फट, प्लीहा आणि डाव्या मूत्रपिंडाभोवतीचा भाग, ओटीपोटात मूत्राशयामागची जागा आणि हृदयाभोवतीचं आवरण. उताण्या झोपलेल्या माणसाच्या पोटात मोकळं रक्त वाहत जाऊन अशाच सखल जागी साचतं आणि पडद्यावर काळ्या पट्टीसारखं दिसतं. कॅज्युअल्टीच्या भाषेत ‘फ्री फ्लुइड’. २००४ पासून छातीही यात जोडली गेली. फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त आहे का, हे त्याच प्रोबनं कळतं. सराव असलेला हात हे सगळं काही मिनिटांत उरकतो.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात, कारण जीव जातो तो त्या विसरल्यावर. पट्टी दिसायला काही शे मिलिलिटर रक्त साचावं लागतं. अपघातानंतर दहाव्या मिनिटाला रिकामं दिसलेलं पोट तासाभरानं भरलेलं असू शकतं, म्हणून फास्ट पुन्हा करायची असते. कटिबंधाचं हाड मोडून पोटाच्या मागच्या बाजूला होणारा रक्तस्राव तिच्या नजरेतून सहसा सुटतो. आतड्याला पडलेलं छिद्रही सुटतं. ‘सोनोग्राफीत काही नाही’ याचा अर्थ ‘आत काही नाही’ असा लावणं धोक्याचं आहे.

इथवर प्रश्न होता रक्त कुठे साचलं याचा. त्यापुढचा प्रश्न, जे उरलं आहे ते नीट फिरतंय का? यासाठी प्रोब बरगड्यांखाली ठेवून हृदयाकडे येणारी मोठी अधोमहाशीर पाहतात. स्वतः श्वास घेणाऱ्या प्रौढात तिची रुंदी २.१ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल आणि श्वास आत घेताना ती निम्म्याहून अधिक मिटत असेल, तर हृदयाच्या उजव्या कप्प्यातला दाब कमी आहे असं धरतात. जखमीच्या बाबतीत तो रक्त कमी पडत असल्याचा इशारा असू शकतो. रुग्ण व्हेंटिलेटरवर असला की हे निकष तसेच लावता येत नाहीत. सोबत हृदयाचं आकुंचनही पाहतात. रिकामं हृदय जोरजोरात पिळत असेल तर त्याला रक्त हवं आहे. भरलेलं हृदय आवरणातल्या रक्तानं दाबलं जात असेल तर उपाय पूर्ण वेगळा. दोघांचाही बीपी ८० असू शकतो.

मोठ्या वाहिन्या सुधारल्या म्हणजे पेशींपर्यंत रक्त पोचलं, असंही नाही. १९९९ पासून जिभेखाली छोटा कॅमेरा धरून केशवाहिन्यांतल्या तांबड्या पेशी प्रत्यक्ष वाहताना पाहता येतात. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०१४ साली रक्तस्रावानं शॉकमध्ये गेलेल्या जखमींमध्ये हेच पाहिलं: रक्तदाब सावरला, तरी केशवाहिन्यांतला प्रवाह ७२ तासांपर्यंत बिघडलेलाच होता. हे तंत्र अजून मुख्यतः संशोधनात आहे. नखावर दाब देऊन सोडल्यावर गुलाबी रंग किती सेकंदांत परत येतो हे पाहणं, ही त्याचीच जुनी आणि फुकट आवृत्ती.

यंत्रं दरम्यान लहान होत गेली. अमेरिकी लष्कराच्या संशोधन निधीतून रणांगणासाठी विकसित झालेलं, अडीच किलोच्या आसपास वजनाचं सोनोग्राफी यंत्र १९९९ मध्ये बाजारात आलं. आज प्रोब खिशात मावतो आणि चित्र मोबाइलवर दिसतं. परदेशात तो ॲम्ब्युलन्समध्ये आणि हेलिकॉप्टरमध्ये वापरला जातो. महाराष्ट्रात हा शेवटचा टप्पा सरळ नाही, आणि त्याचं कारण आपल्या समाजात आहे.

सोनोग्राफीनं मुली गर्भातच ओळखल्या आणि मारल्या गेल्या. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. २०१२ च्या नियमांनुसार फिरतं सोनोग्राफी यंत्र दोनच ठिकाणी चालतं: नोंदणी झालेल्या जागेत दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर अनेक आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. ते कुणी हाताळायचं याच्याही अटी आहेत. खिशात प्रोब टाकून अपघाताच्या जागी धावणं या चौकटीत बसत नाही. या कायद्यानं जे रोखायचं आहे ते रोखलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. पण फुटलेल्या प्लीहेसाठी वापरायच्या यंत्राला, नोंदणी आणि प्रत्येक चित्राची नोंद ठेवून, वेगळी वाट काढून देणं अशक्य नाही. ती काढायची जबाबदारी सरकारची आहे.

तोवर रस्त्यावरचं वास्तव असं: राज्यात १०८ ची सेवा २०१४ च्या जानेवारीत ९३७ ॲम्ब्युलन्ससह सुरू झाली आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं ‘गोल्डन अवर’ म्हणून कायद्यात स्थान दिलं. गडचिरोली ते नागपूर हे अंतर मात्र १७० किलोमीटरच्या घरात आहे. तो तास वाटेतच संपतो. इथे कायद्याची आडकाठी नसलेली एक गोष्ट आजही करता येते. ज्या जिल्हा वा उपजिल्हा रुग्णालयात नोंदणीकृत यंत्र आणि पात्र डॉक्टर आहे, तिथे रेफर करण्याआधी चार जागा पाहून घ्यायच्या आणि चिठ्ठीवर लिहायचं: वेळ, नाडी, बीपी, शॉक इंडेक्स, यकृताजवळ फ्लुइड आहे की नाही, अधोमहाशीर भरलेली की मिटणारी. गाडी निघतानाच हे फोनवर नागपूरला कळवलं, तर रुग्ण पोचेपर्यंत रक्तपेढीतून पिशव्या निघालेल्या असतील, ऑपरेशन थिएटर रिकामं ठेवलेलं असेल, आणि नागपुरात केलेली दुसरी फास्ट पहिलीशी ताडून पाहता येईल.