मानववंशशास्त्र म्हणजे नुसत्या कवट्या नव्हेत

“कवट्या मोजून पोट भरतं का?” मानववंशशास्त्र, म्हणजे माणसाच्या शरीराचा आणि समाजाचा अभ्यास, याबद्दल नाशकात हा प्रश्न वर्षानुवर्षं फिरतोय. समजच चुकीचा आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी माणसांची मापं घेतली, तशीच नातीगोतीही अभ्यासली, पंढरीच्या वारीत चालल्या. १९४५ पासून केंद्र सरकारची ‘मानवशास्त्रीय सर्वेक्षण’ ही संस्था आहे. यूपीएससीलाही हा ऐच्छिक विषय घेता येतो.

आणि नाशिक जिल्ह्यातले आपले आदिवासी तालुके, सुरगाणा-पेठ बघा. सिकलसेल या आई-बापाकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजारासाठी बोटातून रक्ताचा थेंब घेणं सोपं. पण ‘लग्नाआधी तपासा’ हे सांगायला कोकणा जमातीच्या आजीच्या ओट्यावर बसावं लागतं, तिच्या बोलीत बोलावं लागतं, सोयरीक कोण ठरवतं हे कळावं लागतं. हा विषय तेच शिकवतो. पुणे विद्यापीठानं मानववंशशास्त्र विभागाच्या जागा वाढवाव्यात, गावात जाऊन करायचं क्षेत्रकार्य नाशिक जिल्ह्यात आणावं. सुरगाण्याच्या पोरींना त्यात आधी प्रवेश द्यावा.