शब्दावरून शब्द

इंग्लंडमधल्या यादवी युद्धाबद्दल गप्पा चाललेल्या असतात आणि मधेच एक जण विचारतो, रोमन पेनीची किंमत किती होती? ऐकणाऱ्यांना वाटतं, याचं डोकं ठिकाणावर आहे ना? थॉमस हॉब्ज या इंग्लिश तत्त्वज्ञाने 1651 साली हे उदाहरण दिलं आणि पाठोपाठ त्यातले दुवेही उलगडून दाखवले. युद्धावरून राजाला शत्रूच्या हवाली केल्याची आठवण झाली, त्यावरून येशूला हवाली केल्याची, त्यावरून त्या विश्वासघाताच्या मोबदल्यात मिळालेल्या तीस नाण्यांची, आणि मग नाण्याच्या किमतीची. विचार वेगाने धावतो, म्हणून हे सगळं क्षणात घडलं, असं हॉब्ज म्हणतो.

शब्दसाखळीचा खेळ या उदाहरणात जवळजवळ पूर्णच आहे. आज ऑनलाइन गटांमध्ये एक जण शब्द लिहितो, दुसरा त्यावरून सुचलेला पहिला शब्द लिहितो, तिसरा फक्त त्या दुसऱ्या शब्दाकडे बघतो. हॉब्जच्या माणसाच्या एकट्याच्या डोक्यात जे झालं, ते इथे अनेकांच्या डोक्यांत वाटून होतं. फरक एवढाच की मधले दुवे सगळ्यांना दिसतात, त्यामुळे कोणी कोणाला वेड्यात काढत नाही.

हा फरक मला फार मोठा वाटतो, कारण एका गोष्टीवरून दुसरी कशी सुचते, या विषयाच्या इतिहासात विचित्र दुव्याकडे बराच काळ संशयानेच पाहिलं गेलं. एका गोष्टीवरून दुसरी आठवते ती साम्यामुळे, विरोधामुळे किंवा सान्निध्यामुळे, हे अॅरिस्टॉटलने सांगून ठेवलं होतं. त्यात निंदा नव्हती. पण 1700 साली इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत कल्पनांच्या साहचर्यावर, म्हणजे एकीवरून दुसरी आठवण्यावर, एक प्रकरण जोडलं, तेव्हा त्याने या प्रकाराला एक तऱ्हेचं वेडच म्हटलं. त्याने दिलेलं एक उदाहरण विसरता येत नाही. एक तरुण ज्या खोलीत नाच शिकला, तिथे एक जुनी पेटी ठेवलेली होती. पुढे त्याला नाच उत्तम यायचा, पण ती किंवा तशी पेटी खोलीत असेल तरच.

मोजमाप सुरू झालं ते इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनपासून. 1879 मध्ये त्याने 75 शब्दांची यादी केली. एकेक शब्द समोर आणायचा, कल्पना सुचेपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजायचा आणि कल्पना लिहून ठेवायच्या. हा प्रयोग त्याने स्वतःवरच चार वेळा, साधारण महिन्या-महिन्याच्या अंतराने केला. एकूण 660 सेकंदांत 505 कल्पना आल्या, पण त्यांपैकी वेगळ्या होत्या फक्त 289. मनात विचारांची अखंड रेलचेल असते हा त्याचा समज इथे मोडला. नाटकातल्या मिरवणुकीत तेच नट एका बाजूने बाहेर जाऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा यावेत, तसं त्याला वाटलं. सगळी उत्तरं मात्र त्याने छापली नाहीत. ती माणसाला इतकं उघडं पाडतात की जगापुढे ठेवायला कोणीही कचरेल, असं त्याचं मत होतं.

नेमकं हेच उघडं पडणं झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगला हवं होतं. 1904 पासून त्याने फ्रांझ रिक्लिनसोबत हे प्रयोग प्रसिद्ध केले. समोर बसलेल्या माणसाला डोकं, हिरवा, पाणी असे 100 शब्द ऐकवायचे आणि सुचेल तो पहिला शब्द लगेच सांगायला लावायचं. युंगचं लक्ष उत्तरापेक्षा अडखळण्यावर असे. कुठे वेळ लागला? नंतर तीच उत्तरं पुन्हा विचारली तर कुठली आठवली नाहीत? तिथे काहीतरी दुखतंय, असं तो धरून चालायचा. या दुखऱ्या गाठीला त्याने 'कॉम्प्लेक्स' म्हटलं आणि तो शब्द आज सगळीकडे रुळला आहे. आणखी एक निरीक्षण असं होतं की लक्ष विचलित झालेला माणूस अर्थाऐवजी नादावरून उत्तरं देऊ लागतो. 'तार' म्हटल्यावर 'वीज' सुचण्याऐवजी 'सतार' सुचावं, तसं.

मग 1910 साली ग्रेस केंट आणि आरन रोझानॉफ यांनी अमेरिकेत 100 शब्द 1000 माणसांना विचारले. 'टेबल' म्हटल्यावर 267 जणांनी 'खुर्ची' म्हटलं. दुसऱ्या कोणीच न दिलेल्या, एकट्यादुकट्या उत्तरांचं प्रमाण सर्वसाधारण माणसांत सुमारे 7 टक्के निघालं, मनोरुग्णांत सुमारे 27 टक्के. तक्ते मोठ्या मेहनतीने केलेले होते आणि पुढची कित्येक वर्षं वापरले गेले. पण त्यातून एक मापपट्टी तयार झाली: चारचौघांसारखं उत्तर दिलं तर ठीक, नाहीतर चौकशी. टेबलावरून 'गृहपाठ' म्हणणाऱ्याला आपण काय म्हणणार?

खेळात ही पट्टी उलटी होते. खुर्चीवर कोणी थांबत नाही. कोणालाच न सुचलेला, पण वाचताक्षणी सगळ्यांना पटणारा शब्द दाद मिळवतो. 'झाड'वरून 'पान' आलं की पुढचा खेळाडू निमूट 'पुस्तक' लिहितो आणि साखळी झाडावरून थेट वाचनालयात जाते. एका शब्दाला दोन अर्थ असणं प्रयोगशाळेत गोंधळाचं. इथे तेच वळण घ्यायची जागा. आणखी एक गोष्ट आहे. प्रयोगशाळेत प्रत्येक उत्तरानंतर यादीतला नवा शब्द येई, म्हणजे उत्तर तिथेच संपत असे. साखळीत तुमचं उत्तर हाच दुसऱ्याचा प्रश्न असतो.

इंटरनेटवर खेळाची आणि प्रयोगाची, दोन्ही वाटा आल्या. 2003 मध्ये लुई फॉन आन याने कार्नेगी मेलन विद्यापीठात एक खेळ केला. एकमेकांना न ओळखणारे दोघे तेच चित्र पाहत आणि दोघांनी एकच शब्द टाइप केला की गुण मिळत. यातून चित्रांना नावं मिळत गेली. इथे बक्षीस एकमताला होतं खरं, पण एका चित्रावर जुळून गेलेले शब्द पुढच्या जोड्यांना वर्ज्य केले जात. म्हणजे 'खुर्ची' एकदा वापरून झाली की पुढच्यांना आणखी खोल शोधावं लागे.

त्याच सुमारास बेल्जियममधल्या लुवेन विद्यापीठात डच भाषेत सुरू झालेला आणि नंतर इतर भाषांत गेलेला शब्दसाहचर्याचा ऑनलाइन प्रकल्प प्रत्येक शब्दासाठी एकाऐवजी तीन उत्तरं मागतो. इंग्रजीत 12,000 हून अधिक शब्दांवर 90,000 च्या आसपास लोकांनी अशी उत्तरं दिली. तीन मागण्याचं कारण साधं आहे. पहिलं उत्तर बहुतेकांचं सारखंच येतं आणि क्षीण दुवे त्याच्यामागे दडून राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरात ते वर येतात.