ए-लेव्हल परीक्षेतील शारीरिक शिक्षण: विषयाची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा वर्षांचे विद्यार्थी विद्यापीठात जाण्यापूर्वी ए-लेव्हलचा अभ्यास करतात आणि त्यासाठी बहुतेक जण तीनच विषय निवडतात. त्या तिनांमध्ये आज शारीरिक शिक्षणही घेता येते आणि त्यातली श्रेणी गणिताच्या किंवा इतिहासाच्या श्रेणीइतकीच अधिकृत असते. ए-लेव्हल परीक्षा १९५१ साली सुरू झाली; शारीरिक शिक्षणाला मात्र तिच्यात शिरकाव मिळायला पस्तीसेक वर्षे थांबावे लागले. या विलंबाचे मूळ परीक्षा मंडळांच्या कारभारापेक्षा विषयाच्या जडणघडणीत अधिक आहे.

१८७० च्या शिक्षण कायद्यानंतर गोरगरिबांच्या मुलांसाठी प्राथमिक शाळांचे जाळे उभे राहू लागले आणि लगेचच, १८७१ मध्ये, लष्करी कवायतीचा वेळ शाळेच्या हजेरीत धरण्याची मुभा मिळाली. कवायत घेण्यासाठी सैन्यातले सार्जंट बोलावले जात. शिस्त आणि आज्ञापालन एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. धनिकांची मुले ज्या महागड्या निवासी शाळांत शिकत, तिथे याउलट क्रिकेट, रग्बी आणि नौकानयन यांचा जोर होता. अपिंगहॅमचे मुख्याध्यापक एडवर्ड थ्रिंग यांनी १८५९ मध्ये शाळेत व्यायामशाळा उभारली, पण एकंदरीत तिथे मैदान हे नेतृत्व घडवण्याचे ठिकाण मानले जाई. गरिबांना आज्ञा पाळायला शिकवायचे आणि श्रीमंतांना आज्ञा द्यायला, अशी ही उघड विभागणी होती; शरीराच्या हालचालींचा अभ्यास करावा, असे मात्र दोन्हीकडे कुणाच्या मनात नव्हते.

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेल्या तरुणांपैकी अनेक जण शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरले, तेव्हा सरकारची झोप उडाली. १९०२ मध्ये युद्ध खात्याच्या सल्ल्याने तयार झालेला ‘आदर्श अभ्यासक्रम’ शाळांना देण्यात आला. तो प्रौढ सैनिकांच्या प्रशिक्षणावरून बेतलेला होता, आणि लहान मुलांना तो लावणे कितपत शहाणपणाचे आहे, यावर इतकी टीका झाली की दोनच वर्षांत त्याच्या जागी दुसरा आणावा लागला. पुढे शिक्षण मंडळाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी जॉर्ज न्यूमन यांच्या काळात, १९०९ मध्ये, स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांच्या व्यायामपद्धतीवर आधारलेला अभ्यासक्रम आला. विषय लष्कराकडून डॉक्टरांच्या हाती गेला, इतकाच त्यातला बदल. अध्यापनशास्त्राकडे तो अजून पोचलेला नव्हता.

या विषयाला पुस्तकी पाया प्रथम स्त्रियांनी घातला, आणि हे श्रेय त्यांना सहसा दिले जात नाही. स्टॉकहोमच्या मध्यवर्ती व्यायाम संस्थेत शिकलेल्या मार्टिना बर्गमन यांना (विवाहानंतर त्या बर्गमन-ऑस्टरबर्ग झाल्या) लंडन स्कूल बोर्डाने १८८१ मध्ये मुलींच्या व्यायामशिक्षणाची जबाबदारी दिली. त्यांनी १८८५ मध्ये हॅम्पस्टेड इथे स्वतःचे महाविद्यालय काढले आणि १८९५ मध्ये ते केंट परगण्यातील डार्टफर्डला हलवले. तिथल्या विद्यार्थिनी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि उपचारात्मक व्यायाम असे सारे शिकत आणि शिवाय मैदानावर खेळतही. त्याच वळणावर अँस्टी, चेल्सी आणि बेडफर्ड ही महिला महाविद्यालये निघाली. पुरुषांसाठी लीड्सचे कार्नेगी महाविद्यालय सुरू व्हायला १९३३ साल उजाडले. म्हणजे शास्त्र आणि सराव एकाच अभ्यासक्रमात बसवण्याची जी घडी आज ए-लेव्हलमध्ये दिसते, ती व्हिक्टोरियन काळातल्या या मुलींच्या वर्गांत आधीच घातली गेली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाद पेटला तो स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या याच दोन परंपरांमध्ये. रुडॉल्फ लाबान यांच्या नृत्यविचारांनी भारावलेल्या शिक्षिका मुलांनी आपापल्या परीने हालचाल शोधावी असे म्हणत, तर पुरुष शिक्षकांचा कल मोजता येण्याजोग्या ताकदीकडे आणि दमसासाकडे होता. लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन यांनी विकसित केलेले ‘सर्किट ट्रेनिंग’ (ठरावीक व्यायाम एकापाठोपाठ एक फेरीने करण्याची पद्धत) हे त्याचे ठळक उदाहरण. बर्मिंगहॅम विद्यापीठाने १९४६ मध्ये शारीरिक शिक्षणाला पदवी अभ्यासक्रमात जागा दिली. उच्च शिक्षणाविषयीच्या १९६३ च्या रॉबिन्स अहवालानंतर अध्यापक महाविद्यालयांत बी.एड. पदवी आली आणि व्यायामशिक्षकांना आपला विषय पदवीच्या तोलाचा आहे हे सिद्ध करणे भाग पडले. ते सोपे नव्हते. तत्त्वज्ञ आर. एस. पीटर्स यांनी १९६६ मध्ये खेळांना गंभीर ज्ञानशाखांच्या पंगतीत बसवण्यास हरकत घेतली होती आणि ती हरकत या क्षेत्रातल्या लोकांना पुढे कित्येक वर्षे डाचत राहिली. उत्तर म्हणून त्यांनी शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा आधार घेतला. हा मार्ग यशस्वी ठरला, पण त्यात प्रत्यक्ष खेळण्याचे मोल दुय्यम ठरले, असे मला वाटते.

शाळांमध्ये परीक्षेचा दरवाजा खालच्या बाजूने उघडला. १९६५ पासून सोळाव्या वर्षाच्या सुमारास घेतल्या जाणाऱ्या सी.एस.ई. या शालेय परीक्षेत शिक्षकांना स्वतः अभ्यासक्रम आखून मंडळाकडून मंजूर करून घेण्याची सोय होती. तिचा फायदा घेऊन काही व्यायामशिक्षकांनी १९७० च्या दशकात आपल्या विषयाची परीक्षा सुरू केली. लेखी परीक्षा मैदानावरचा वेळ गिळून टाकेल, असा आक्षेप त्यांच्याच सहकाऱ्यांनी घेतला. १९८८ मध्ये सी.एस.ई.ची जागा घेणाऱ्या जी.सी.एस.ई.च्या पहिल्या परीक्षा झाल्या आणि त्यांत हा विषय होता. त्याच सुमारास असोसिएटेड एक्झामिनिंग बोर्ड या परीक्षा मंडळाने तो ए-लेव्हलपर्यंत नेला. पुढच्या दशकात विद्यार्थी झपाट्याने वाढले. गंमत अशी, की पुढे या अभ्यासक्रमातल्या क्रीडा-इतिहासाच्या भागात सार्जंटांची कवायत आणि १९०२ चा तो फसलेला अभ्यासक्रम हेच परीक्षेचे प्रश्न होऊन बसले.

सुरुवातीची अनेक वर्षे प्रात्यक्षिकाचे गुण मंडळागणिक वेगळे होते आणि काही ठिकाणी ते निम्म्यापर्यंत जात. सप्टेंबर २०१६ पासून शिकवल्या जाणाऱ्या आणि २०१८ मध्ये प्रथम परीक्षा झालेल्या सुधारित अभ्यासक्रमाने ही मोकळीक संपवली. आता सर्व मंडळांत लेखी परीक्षेला ७० टक्के गुण आहेत. उरलेल्या ३० टक्क्यांतही खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून केलेल्या कामगिरीला निम्मे, म्हणजे १५ टक्केच मिळतात. बाकीचे १५ टक्के कामगिरीच्या विश्लेषणासाठी आहेत. कामगिरी एकाच क्रीडाप्रकारात दाखवायची आणि तो प्रकारही शिक्षण खात्याने ठरवलेल्या यादीतलाच हवा. या यादीत आयरिश हर्लिंग आहे, दिव्यांगांसाठी बोशिया आणि गोलबॉलही आहेत, परंतु यादीबाहेरच्या खेळात कोणी कितीही प्रवीण असला तरी त्याला त्याचे गुण मिळत नाहीत.

एवढी तडजोड करूनही मान्यता पूर्ण मिळाली असे नाही. नामांकित विद्यापीठांच्या रसेल ग्रुपने २०११ मध्ये प्रवेशास पोषक म्हणून ज्या मोजक्या विषयांना पसंती दिली, त्यांत शारीरिक शिक्षण नव्हते. ती यादी २०१९ मध्ये मागे घेण्यात आली. भौतिकोपचाराच्या काही अभ्यासक्रमांना मात्र जीवशास्त्राऐवजी हा विषय चालतो. मैदानावर तरबेज पण लेखी उत्तरांत अडखळणाऱ्या मुलामुलींपैकी अनेक जण त्याच महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या, प्रकल्पकार्यावर अधिक भर देणाऱ्या बी-टेक (BTEC; अभियांत्रिकीची पदवी नव्हे, तर ए-लेव्हलला पर्यायी व्यावसायिक पात्रता) क्रीडा अभ्यासक्रमाकडे वळतात.