पार्श्वभूमी : उंदराच्या प्लीहेतील तिसरी भागीदार

परळच्या प्रयोगशाळांत रोगप्रतिकारशास्त्र शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा लवकरच एक काम पडते : उंदराची प्लीहा (पांथरी) बारीक जाळीवर चोळून पेशी सुट्या करायच्या, त्या पेट्री डिशमध्ये ३७ अंश सेल्सिअसला तास-दोन तास ठेवायच्या आणि तळाला चिकटलेल्या पेशी न चिकटलेल्यांपासून वेगळ्या करायच्या. या साध्या वाटणाऱ्या कृतीमागे मोठा इतिहास आहे.

नवजात उंदराची थायमस ग्रंथी काढली तर त्याची प्रतिकारशक्ती दुबळी होते, हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवले. पुढे १९६६ मध्ये हेन्री क्लामन आणि सहकाऱ्यांनी किरणोत्साराने लिम्फोसाइट (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) नष्ट केलेल्या उंदरांना मेंढीच्या तांबड्या पेशी टोचल्या. सोबत केवळ थायमसच्या किंवा केवळ अस्थिमज्जेच्या पेशी दिल्या तेव्हा प्रतिपिंडे जेमतेमच तयार झाली, पण दोन्ही एकत्र देताच प्रतिसाद दोघींच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त मिळाला. मात्र प्रतिपिंडे नेमकी कोण बनवते, हे त्यातून कळत नव्हते. मिचेल, मिलर आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये गुणसूत्रांच्या खुणेवरून माग काढला, तेव्हा ती बनवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतून आलेल्या निघाल्या. थायमसच्या पेशी फक्त साहाय्य करत होत्या. अस्थिमज्जेतल्यांना पुढे बी पेशी आणि थायमसमधल्यांना टी पेशी ही नावे मिळाली.

जोडी जमली म्हणून हिशेब पुरा झाला नव्हता. १९६७ मध्येच डोनाल्ड मोझियर यांना दिसले होते की प्लीहेतल्या चिकटणाऱ्या पेशी काढून टाकल्या, तर उरलेल्या लिम्फोसाइट प्रतिपिंडे न बनवता बशीत नुसत्या पडून राहतात. तिसऱ्या भागीदाराचे श्रेय अर्थातच भक्षिपेशींना (जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेजना) देण्यात आले, आणि माझ्या मते ते जरा घाईनेच. कारण त्याच चिकटणाऱ्या गर्दीत राल्फ स्टाइनमन आणि झानव्हिल कोन यांना १९७३ मध्ये लांब फांद्या फुटलेल्या, हलत्या आकाराच्या, एकूण पेशींत फार तर शेकड्याला एक-दोन इतक्याच पेशी सापडल्या. या डेंड्रिटिक पेशी टी पेशींना चेतवण्यात प्लीहेतल्या इतर पेशींपेक्षा किमान शंभरपट प्रभावी ठरतात, हे १९७८ मध्ये सिद्ध झाले. त्या वेगळ्या काढता आल्या, त्या एका सवयीमुळे : रात्रभर ठेवल्यावर त्या तळापासून आपोआप सुटून वर तरंगतात, आणि भक्षिपेशी मात्र बहुतांशी तळालाच चिकटून राहतात.